ए७ थ्री देऊन ए७ फोर घ्यावा का? आधी टाकून दिलेले फोटो उघडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुम्ही लातूरकडे चार वर्षांपासून लग्नाच्या ऑर्डरी करताय. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेला सोनी ए७ थ्री, त्याच्यासोबत आलेली २८-७० ची किट लेन्स, एक ८५ एफ १.८ आणि एक फ्लॅश, एवढं सामान. वर्षाला बावीसेक ऑर्डरी होतात. कार्यालयातले फोटो सॉफ्ट (जरा अस्पष्ट) येतात, नॉइज (दाणेदारपणा) दिसतो, आणि अंतरपाट दूर होतानाचा फोटो दोन लग्नांत एकदा तरी हुकतो. त्यातच तालुक्यातल्या दुसऱ्या एकाने ए७ फोर घेतला, आणि गेल्या महिन्यात एका पार्टीने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "कॅमेरा कोणता वापरता?" दुकानदार म्हणतो, थ्री देऊन टाका, वरच्या पैशांचे हप्ते करून देतो, महिना साडेनऊ हजार, अठरा महिने. तुळशीच्या लग्नाआधी काय ते ठरवायचं आहे.

मी कराड भागात वीस वर्षांहून जास्त काळ लग्नं करतोय. सुरुवात ३६ फोटोंच्या रोलवर झाली, तेव्हा मंगलाष्टकांसाठी किती फोटो राखून ठेवायचे याचा हिशेब सतत डोक्यात चालायचा. तुमच्याकडे आहे तोच ए७ थ्री मी २०१९ मध्ये घेतला आणि २०२२ मध्ये त्याच्या जोडीला ए७ फोर आणला. आजही दोन्ही एकाच बॅगेत असतात, एकाच लग्नात वापरले जातात. त्यामुळे कुठे फरक पडतो आणि कुठे पडत नाही हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे.

तुमच्या एका प्रश्नात मला तीन प्रश्न दिसतात. फोटो हवे तसे का येत नाहीत, हा पहिला. ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल का, हा दुसरा. तिसरा तुम्ही विचारलेलाच नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे: तुमच्याकडे बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, एकच आहे. नवा कॅमेरा घेतला की तिन्ही एकदम सुटतील असं वाटणं साहजिक आहे, पण या तिघांची उत्तरं वेगवेगळी आहेत. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवरही आहेत: तुम्ही व्हिडिओ देता की नुसते फोटो, तुमचा लॅपटॉप किती जुना आहे, आणि ऑर्डरी बंदिस्त कार्यालयात जास्त असतात की लॉनवर, मोकळ्या मांडवात.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो. गेल्या सीझनमधली तीन लग्नं निवडा आणि तुम्ही टाकून दिलेले फोटो पुन्हा उघडा. डिलीट केले असतील तर येत्या तीन लग्नांपासून ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. एकेक फोटो पाहा आणि तो का टाकला ते एका वहीत लिहा. डोळे मिटले, मध्ये कुणाचा मोबाइल आला, हात हलला, फोकस दुसरीकडे गेला, नॉइज जास्त आला, उजेड चुकला. शेजारी त्या फोटोचं शटर (किती वेळ उघडं होतं), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं होतं; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं), आयएसओ (उजेड किती वाढवून घेतला; आकडा वाढला की नॉइज वाढतो) आणि लेन्स किती मिलिमीटरवर होती तेही लिहा. हे कंटाळवाणं काम आहे, एक अख्खी दुपार जाते, पण दुकानदाराच्या काउंटरवर उभं राहून जे कधीच कळणार नाही ते यातून कळतं. मी हे २०२१ मध्ये केलं तेव्हा निम्म्याहून जास्त फोटो अशा कारणांनी गेलेले निघाले, ज्यांचा कॅमेऱ्याच्या मॉडेलशी काही संबंध नव्हता.

त्यातला एक प्रसंग सांगतो, कारण तुमचाही तोच हुकतोय. डिसेंबरातलं लग्न, गोरज मुहूर्त. शेवटचं मंगलाष्टक संपत आलं, मी ८५ लावून एफ १.८ वर उभा, वधूच्या डोळ्यावर फोकसचा हिरवा चौकोन अगदी नीट बसलेला. "शुभमंगल सावधान" झालं, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला आणि चारी बाजूंनी अक्षता पडल्या. मी बारा फोटो घेतले. रात्री मोठ्या स्क्रीनवर पाहतो तर त्यातल्या नऊ फोटोंत वधूच्या चेहऱ्यापुढे हातभर अंतरावर कुंकू लावलेला तांदळाचा एक दाणा, इतका स्पष्ट की त्याच्या टोकावर कुंकू कुठे कमी लागलंय तेही दिसावं. आणि मागे वधूचा चेहरा धुरकट. डोळे भरून आलेले, हार हातात धरलेला, आणि सगळं धुरकट.

कॅमेऱ्याने त्याला सांगितलेलं कामच केलं होतं. ए७ थ्रीच्या कॅमेरा सेटिंग्ज १ मध्ये, ऑटोफोकसच्या पानांवर, एएफ ट्रॅक सेन्स नावाची एक सेटिंग आहे. १ ते ५ असे आकडे असतात. ५ वर ठेवलं की मध्ये काहीही आलं तर फोकस लगेच त्याच्यावर उडी मारतो, १ वर ठेवलं की तो आधीच्या माणसाला धरून राहतो. वरातीत नाचणाऱ्या पोरांसाठी मी ती ५ वर नेली होती आणि परत आणली नव्हती. आता अंतरपाट धरला की ती १ वर जाते, नेमाने. दुसरी गोष्ट अ‍ॅपर्चर. तीन मीटरवरून ८५ ला एफ १.८ वर साधारण १३-१४ सेंटिमीटर एवढीच खोली स्पष्ट येते. वधू जरा पुढे झुकली, वर जरा मागे सरला, की दोघांपैकी एक गेलाच. एफ ४ ला तीच खोली ३० सेंटिमीटरच्या आसपास होते. म्हणून त्या क्षणी मी एफ ४ ला जातो आणि उजेडाची कमी फ्लॅशने भरून काढतो. ए७ थ्रीवरच या दोन बदलांनंतर माझे अंतरपाटाचे फोटो हुकणं जवळजवळ थांबलं.

याच ओघात एक काम आजच करा. मेनूत सेटअपमध्ये जाऊन कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर व्हर्जन पाहा. ए७ थ्री २०१८ च्या सुरुवातीला आला, पण डोळ्यांवर आपोआप आणि सतत फोकस ठेवण्याची सोय त्याला एप्रिल २०१९ मध्ये व्हर्जन ३.० ने मिळाली. त्याआधी डोळ्याच्या फोकससाठी एक बटण दाबून धरावं लागायचं. सेकंडहँड बॉडीत जुनं व्हर्जन तसंच राहिलेलं मी दोन पोरांच्या कॅमेऱ्यांत स्वतः पाहिलंय. ती दोघंही नवा कॅमेरा घ्यायच्या विचारात होती. तुमचं व्हर्जन ३ च्या खाली असेल, तर तुम्ही आजवर खरा ए७ थ्री वापरलेलाच नाही.

आता सॉफ्ट आणि नॉइजचं. तुमची किट लेन्स ७० वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. कार्यालयातल्या नेहमीच्या उजेडात, चालती-बोलती माणसं हलू नयेत म्हणून शटर १/२०० ठेवलं, तर आयएसओ सहज ६४०० वर जातो. त्याच जागी एफ २.८ ची लेन्स असेल तर दोन स्टॉप, म्हणजे चौपट उजेड आत येतो आणि आयएसओ १६०० वर उतरतो. ए७ फोरचा सेन्सर कमी उजेडात थ्रीच्या तुलनेत किती पुढे आहे? एक स्टॉपही नाही. म्हणजे साडेनऊ हजारांचे अठरा हप्ते भरून, तीच किट लेन्स लावून तुम्ही त्याच कार्यालयात गेलात, तर फोटो जवळपास तसेच येतील. उलट आयएसओ कमी ठेवायच्या नादात शटर १/६० वर आलेलं असेल, तर सॉफ्टपणाचं कारण तेच आहे. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सांभाळतं, समोर हळद लावणाऱ्या मावशींचा हात थांबवत नाही. वहीतले आकडे हे लगेच उघड करतील. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ ही २०१८ मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती २०२१ मध्ये. पहिली आवृत्ती सेकंडहँड चांगल्या स्थितीत मिळते आणि लग्नाचं सत्तर टक्के काम मी कित्येक सीझन तिच्यावरच केलं.

फोटोंवर आडवे पट्टे येत असतील तर तेही वेगळं लिहा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. त्यासाठी थ्रीमध्ये अँटी-फ्लिकर शूट ही सोय आहे, ती मेनूतून सुरू करावी लागते आणि फक्त मेकॅनिकल शटरवर चालते. स्टेजमागच्या एलईडी वॉलचं लुकलुकणं याहून फार वेगवान असतं, तिथे ही सोय कामाला येत नाही. तिथे सायलेंट (बिनआवाजाचं, इलेक्ट्रॉनिक) शटर बंद ठेवायचं आणि १/१०० च्या आसपास राहायचं. फोर घेतल्याने हा त्रास जाणार नाही, कारण त्याचा सेन्सरही सायलेंट शटरमध्ये सावकाशच वाचला जातो.

मग फोर कशात पुढे आहे? हे मी तितक्याच मोकळेपणाने सांगतो, कारण मी तो घेतलाय आणि घेतल्याचा मला आनंद आहे. माणूस वळला, पाठमोरा झाला, गर्दीत दिसेनासा होऊन पुन्हा आला, तरी फोर त्याला धरून राहतो. वधू मामांसोबत मांडवात येते, मध्येच मैत्रिणींशी बोलायला मान वळवते, पुन्हा समोर पाहते, तिथे थ्री कधीकधी क्षणभर दुसऱ्याच चेहऱ्यावर जातो आणि फोर जात नाही. वरातीत तर फरक फार मोठा आहे. दुसरं म्हणजे स्क्रीन. थ्रीची स्क्रीन वर-खाली होते, त्यामुळे डोक्यावर कॅमेरा धरून आडवा फोटो घेता येतो, पण उभा घ्यायचा तर अंदाजाने. फोरची पूर्ण फिरते. मांडवात भटजी, करवल्या आणि नातेवाईकांच्या गराड्यात होमाचा उभा फोटो घेताना ही स्क्रीन मला रोज उपयोगी पडते. व्ह्यूफाइंडरही जास्त स्पष्ट आहे, २३.६ लाख ठिपक्यांऐवजी ३६.८ लाख, आणि मेनू एकदाचा माणसाला समजेल असा झालाय.

मेगापिक्सेलवर फार बोलण्यासारखं नाही. २४ चे ३३ झाले म्हणजे फोटोची रुंदी ६००० वरून ७००८ पिक्सेल झाली, सतरा टक्के. इन्स्टाग्रामवर १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो दिसतो. १२×३६ इंचांच्या शीटवर एकच फोटो पूर्ण पसरला तर फरक शोधून सापडेल, आणि तशी शीट एका अल्बममध्ये फार तर दोन-तीन असतात.

व्हिडिओचं मात्र गणित निराळं आहे, आणि तुम्ही व्हिडिओ देता की नाही हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ए७ थ्री कॅमेऱ्यातच जो व्हिडिओ रेकॉर्ड करतो तो ८ बिटचा, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. फोर १० बिट ४:२:२ (रंगाचा तपशील जास्त राखणारा) देतो, १०२४ पायऱ्या. हे आकडे हळदीच्या दिवशी डोळ्यांना दिसतात. पिवळी साडी, पिवळा पडदा, झेंडूची तोरणं, चेहऱ्यावर हळद. थ्रीवर एस-लॉग थ्री (चित्र फिकं ठेवून रंग नंतर एडिटिंगला घडवायचं प्रोफाइल) लावून हे शूट केलं आणि एडिटिंगला रंग जरा ओढले की पडद्यावर पिवळ्याचे पट्टे पडतात, सावलीत चेहरा मळकट होतो. फोरवर तोच पडदा सलग राहतो. थ्रीवर काम करायचं तर मी एस-लॉग टाळतो, एचएलजी किंवा साधं प्रोफाइल घेतो आणि उजेड शूटिंगलाच बरोबर ठेवतो. शिवाय थ्री २९ मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतो. लग्नविधी अखंड रेकॉर्ड करून मागणाऱ्या पार्ट्या असतात, आणि नेमका कन्यादानाच्या संकल्पात कॅमेरा थांबलेला कळला की पोटात गोळा येतो. फोरला ही मर्यादा नाही. ४के ६० (सेकंदाला ६० फ्रेम) मात्र फोरवर दीडपट क्रॉप होऊन, म्हणजे कडा कापून, येतं, २८ ची लेन्स ४२ ची होते. घरातल्या हळदीत, दहा बाय दहाच्या खोलीत, पाठ भिंतीला टेकते आणि तरी माणसं मावत नाहीत. म्हणजे स्लो मोशनसाठी अजून एक वाइड लेन्स लागेल.

व्हिडिओची ऑर्डर घेत असाल तर लॅपटॉपचाही विचार आधी करा, कारण खरा फटका तिथे बसतो. १० बिट ४:२:२ ची फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळत चालते. इंटेलच्या साधारण अकराव्या पिढीपासूनचे ग्राफिक्सवाले प्रोसेसर एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) मधलं ४:२:२ नीट चालवतात, अ‍ॅपलचे एम मालिकेतले चालवतात. एनव्हिडियाच्या कार्डांना मात्र ही सोय २०२५ मधल्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. महागडं जुनं कार्ड असूनही टाइमलाइन अडकते ती यामुळे. एच.२६४ मधलं १० बिट ४:२:२ तर बहुतेक मशीनवर जडच जातं. फोटोंच्या फाइलही वाढतात. थ्रीची कॉम्प्रेस्ड रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) २४-२५ एमबीची, फोरची लॉसलेस ३५ ते ४०. अडीच हजार फोटोंच्या लग्नाला ६० जीबी लागायचे तिथे ९५ लागतील, आणि बॅकअप धरून त्याच्या दुप्पट. लाइटरूमची जुनी आवृत्ती फोरच्या रॉ उघडणारच नाही. बॅटरी तेवढ्या वाचतात, दोन्हींना तीच एनपी-एफझेड १०० लागते. महागडी सीएफएक्सप्रेस कार्डं लगेच घ्यायची गरज नाही, लग्नाचं जवळपास सगळं काम चांगल्या एसडी कार्डवर होतं.

इथवरचं धरून सांगायचं तर, फोटोंच्या तुमच्या तक्रारीवर पहिला उपाय सेटिंग, दुसरा लेन्स, तिसरा फ्लॅशचा वापर, आणि बॉडी त्यानंतर. व्हिडिओ हे तुमच्या कमाईचं मोठं अंग असेल तर बॉडी एकदम वर येते.

आता दुसरा प्रश्न, ऑर्डरींचा. पार्टी कॅमेरा विचारते तेव्हा तिला मॉडेलशी देणंघेणं नसतं. मुलीच्या लग्नाचा खर्च करणारा माणूस खात्री शोधत असतो आणि त्याला दुसरं काय विचारायचं ते माहीत नसतं. मी कॅमेऱ्याचं नाव सांगतो, लपवत नाही, आणि लगेच म्हणतो की एक पूर्ण अल्बम घेऊन घरी येतो, बघा. निवडक वीस फोटो नेत नाही, एका लग्नाचा पहिल्या पानापासून शेवटपर्यंतचा अल्बम नेतो, शक्यतो त्यांच्याच ओळखीच्या कार्यालयातला. आजी चष्मा लावून चेहरे बघते, वडील पंगतीचे फोटो शोधतात. त्यानंतर कॅमेऱ्याचा विषय पुन्हा निघाल्याचं मला आठवत नाही.

हप्त्याचा हिशेबही कागदावर मांडा. साडेनऊ हजार गुणिले अठरा म्हणजे १,७१,०००. अठरा महिन्यांत तुमच्या तेहतीसेक ऑर्डरी होतील, म्हणजे प्रत्येक ऑर्डरीतून पाच हजारांहून जास्त आधी हप्त्याला जाणार. नव्या कॅमेऱ्याच्या जोरावर दर ऑर्डरीला पाच हजार जास्त मागायची तुमची तयारी आहे का, आणि तुमच्या भागात ते मिळतील का, हे तुम्हीच सांगू शकता. आणि हप्ता आषाढ-श्रावणातही येतो. चातुर्मासात चार महिने ऑर्डर नसताना हप्ता भरण्यासाठी मुंज-बारशाची कामं पडेल त्या भावात घेणारे चांगले फोटोग्राफर मी पाहिलेत, आणि एकदा उतरलेला दर वर चढवायला त्यांना वर्षं लागली.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. थ्री देऊन फोर घेतला तरी तुमच्याकडे बॉडी एकच राहते. २०१५ मध्ये एका लग्नात कन्यादानाच्या वेळी माझ्या तेव्हाच्या कॅमेऱ्याचं शटर अडकलं. बटण दाबलं, कट्ट असा अर्धवट आवाज आला आणि स्क्रीन काळी. बॅटरी काढली, घातली, कार्ड बदललं, काही नाही. दुसरी बॉडी त्या दिवशी मी दुसऱ्या ऑर्डरीवर पाठवली होती. मित्र कॅमेरा घेऊन पोचेपर्यंत पाऊण तास गेला आणि तेवढ्यात कन्यादान, सूत्रवेष्टन, मंगळसूत्र सगळं होऊन गेलं. अल्बममधलं कन्यादानाचं पान मी त्यांच्या एका मावशींच्या मोबाइलमधल्या फोटोवर केलं. अल्बम द्यायला गेलो तेव्हा मुलीच्या वडिलांनी ते पान हळूच उलटलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून दोन बॉडी जवळ असल्याशिवाय मी लग्नाला उभा राहिलेलो नाही.

हे तुम्हाला जास्त लागू आहे, कारण तुमच्या बॉडीचं वय बघा. ए७ थ्रीच्या शटरची कंपनीने दिलेली चाचणी दोन लाख क्लिकची आहे. वर्षाला बावीस लग्नं, लग्नाला अडीच हजार क्लिक धरले तर वर्षाचे ५५ हजार होतात. तीन वर्षांत १,६५,०००, आणि आधीच्या मालकाचे त्याच्यावर. तुम्ही दोन लाखांच्या जवळ आहात किंवा ओलांडूनही गेलाय. दोन लाख झाले की शटर त्याच दिवशी मोडतं असं नाही, तीन लाख क्लिक झालेल्या बॉडी चालताना मी पाहिल्यात. पण अशी एकुलती एक बॉडी घेऊन मुहूर्ताला उभं राहणं हा दुसऱ्याच्या घरच्या कार्याशी खेळलेला जुगार आहे. शटर बदलून मिळतं आणि नव्या बॉडीच्या मानाने तो खर्च बराच कमी असतो. आणि इतके क्लिक झालेल्या बॉडीला दुकानदार भाव तरी काय देणार? त्याच्या हिशेबात ती कवडीमोल आहे, तुमच्या बॅगेत मात्र तिची किंमत मोठी आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर थ्री विकला नसता. नुसते फोटो देत असाल तर या सीझनला २८-७५ एफ २.८ घ्या, आणि शक्य असेल तर कमी क्लिकचा दुसरा सेकंडहँड ए७ थ्री. दोन सारख्या बॉडी असण्याचा मोठा फायदा म्हणजे बटणं, रंग, बॅटरी, फाइल सगळं तेच, अंधारातही हात चुकत नाही, आणि एडिटिंगला दोन कॅमेऱ्यांचे रंग जुळवत बसावं लागत नाही. एकावर २८-७५, दुसऱ्यावर ८५, लेन्स बदलण्यात क्षण जात नाही. व्हिडिओ देत असाल आणि लॅपटॉप झेपणारा असेल तर फोर घ्या, पण थ्री ठेवून, आणि शक्यतो सेकंडहँड. डिसेंबर २०२५ मध्ये ए७ फाइव्ह जाहीर झाल्यापासून बरेच जण फोर विकायला काढतायत, त्यामुळे घासाघीस करायला जागा आहे.

त्याआधी एका लग्नापुरता फोर भाड्याने आणा. लातुरात नाही मिळाला तर पुण्याहून मिळेल. मुहूर्ताचं काम आपल्या थ्रीवरच करा, फोर वरातीला आणि रिसेप्शनला वापरा, आणि त्यावर तुमची किट लेन्सच लावा. मग दोन्हींचे टाकलेले फोटो पुन्हा वहीत मांडा. ज्या रकान्यात फोरचे कमी निघाले, त्या रकान्यासाठीच तुम्ही १,७१,००० देणार आहात.

सेकंडहँड बॉडी बघायला जाल तेव्हा दिवसा जा आणि स्वतःचं कार्ड न्या. एक फोटो काढून घरी फाइलमधून क्लिकचा आकडा काढा, थ्रीच्या मेनूत तो दिसत नाही. एफ १६ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो घेऊन सेन्सरवर डाग किंवा ओरखडा आहे का पाहा. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड होतंय ना ते तपासा, आणि तुमच्या सध्याच्या कॅमेऱ्यावरही ते आजच सुरू करा. चार्जिंगची खाच सैल आहे का, फ्लॅशचा हॉटशू हलतो का, हे हाताने बघा. पक्कं बिल आणि बॉक्सवरचा सिरियल नंबर जुळला नाही तर स्वस्त मिळत असला तरी सोडून द्या.

तुळशीच्या लग्नाला अजून वेळ आहे. व्हर्जन आज पाहा, ट्रॅक सेन्स आज बदला, आणि वही या आठवड्यात मांडा. तीन लग्नांचे रकाने भरले की आकडे मला कळवा, सोबत व्हिडिओच्या ऑर्डरी किती आणि लॅपटॉप कोणता तेही लिहा. त्यावरून लेन्स आधी की बॉडी आधी, हे तुमच्याच आकड्यांवरून बोलता येईल.